पहिलं प्रकरण सोडून देणाऱ्यांना

संख्याशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांचं पहिलं प्रकरण बहुतेक सारखंच असतं. सामग्री गुणात्मक की संख्यात्मक, प्राथमिक की दुय्यम, ती जमवायची कशी: निरीक्षणाने, मुलाखतीने, प्रश्नावलीने की जुन्या नोंदींतून. शिकवणारे ते तासाभरात उरकतात, शिकणारे व्याख्या पाठ करून दोन-चार गुण मिळवतात आणि सगळे घाईने पुढच्या सूत्रांकडे वळतात. विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. माझा राग आहे तो शिकून सवरून मोठ्या झालेल्या माणसांवर. वर्तमानपत्रांत लिहिणारे, धोरणं ठरवणारे, वाहिन्यांवर आकडे नाचवणारे हे लोक आयुष्यभर ते प्रकरण वगळलेलंच ठेवतात आणि त्या वगळण्याचा सिद्धान्त करतात.

त्यांचं म्हणणं असं. आकडा तो आकडा. तो कसा जमवला याची चिकित्सा पंडितांनी करत बसावी. आज खिशाखिशात मोबाइल आहे, प्रत्येक व्यवहाराची नोंद आपोआप होते, मग कागद घेऊन दारोदार फिरणाऱ्या प्रगणकाची गरज काय? शिवाय दोन-अडीच लाख घरांत विचारपूस करून एवढ्या मोठ्या देशाबद्दल बोलणं ही फसवणूक आहे. आमच्या दारात तर कधी कोणी आलं नाही. जितका डेटा जास्त तितकं सत्य जवळ, आणि उरलेलं काम संगणक करील.

यातलं एकही वाक्य खरं नाही. सगळ्यात निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो: आकडा तो आकडा.

२०११ साली देशात सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय पाहणी झाली. जात ही नामश्रेणीतली माहिती. तिला क्रम नसतो, तिची बेरीज-सरासरी होत नाही. तिला फक्त कप्पे असतात. म्हणून अशी माहिती गोळा करण्याआधी कप्प्यांची पक्की यादी लागते आणि कोणतं उत्तर कुठल्या कप्प्यात टाकायचं याचा नियम लागतो. पहिल्या प्रकरणातलं हे पहिलं पान. त्या पाहणीत अशी यादी प्रगणकाच्या हातात नव्हती. लोकांनी जे सांगितलं ते त्याने लिहून घेतलं. कोणी जात सांगितली, कोणी पोटजात, कोणी गोत्र, कोणी कुळ, कोणी आडनावच. एकाच नावाची वेगवेगळी शुद्धलेखनं झाली. परिणाम काय झाला? सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात म्हटलं आहे की १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती होत्या आणि २०११ च्या पाहणीत ४६ लाखांहून अधिक नावं नोंदली गेली. महाराष्ट्राचा आकडा त्यात वेगळा दिला आहे. राज्यात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून ४९४ जाती यादीत आहेत. पाहणीत ४,२८,६७७ निघाल्या, आणि त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक नावांखाली शंभरापेक्षा कमी माणसं होती.

हे प्रकरण न्यायालयात कोणी नेलं होतं? महाराष्ट्र सरकारने. स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी आकडे हवे होते. देशातलं घर अन् घर पालथं घातलेलं होतं, माहितीचे डोंगर उभे होते आणि त्यांतून एक वापरण्याजोगा आकडा मिळेना. आता सांगा, इथे डेटा कमी पडला का? संगणक कमी पडले का? कमी पडली ती कोणत्याही महाविद्यालयात पहिल्या वर्षी शिकवली जाणारी एक गोष्ट. तिची किंमत हजारो गावांतल्या लोकांनी मोजली, आणि तरीही सामग्रीचे प्रकार म्हणजे घोकंपट्टी असं म्हणायची सोय आपल्याकडे शिल्लक आहे.

मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मापनाच्या चार श्रेणी सांगितल्या: नाम, क्रम, अंतर आणि गुणोत्तर. या चौकटीवर पुढे आक्षेपही घेतले गेले, पण तिचा गाभा साधा आणि पक्का आहे. पिनकोडची सरासरी काढता येत नाही. ४० अंश तापमान २० अंशांच्या दुप्पट उष्ण नसतं. 'अत्यंत समाधानी'पासून 'अत्यंत असमाधानी'पर्यंत पाच पर्याय दिले, त्यांना पाच ते एक असे अंक दिले आणि सरासरी ३.७ काढली, तर त्या दशांशाला आधार कसला? 'समाधानी' आणि 'अत्यंत समाधानी' यांमधलं अंतर 'ठीक' आणि 'समाधानी' यांमधल्या अंतराएवढंच आहे, हे कोणी मोजलं? तरी नागरी सेवांची, रुग्णालयांची, शिक्षकांची गुणवत्ता रोज अशा दशांशांवर ठरते आहे.

आता आकडे जमवण्याच्या पद्धतीकडे येऊ. हा वाद पंडिती आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी १९१८ चा खेडा सत्याग्रह आठवावा. तो नेमका कशावरून झाला? पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीचा शेतसारा तहकूब व्हावा असा नियम मुंबई इलाख्यात होता. सरकारी अधिकारी म्हणत पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत खाली आहे. भारत सेवक समाजाचे गो. कृ. देवधर, ना. म. जोशी आणि ठक्करबाप्पा चौकशीसाठी खेड्यांत फिरले. गांधीजींनी स्वतंत्र चौकशी केली. आकडा दोन्ही बाजूंकडे होता. प्रश्न तो कोणी, कुठे, कसा काढला हाच होता, आणि त्यासाठी माणसांनी जमिनी आणि गुरं जप्त होऊ दिली.

आण्यांत पीक मोजण्याची ती पद्धत, म्हणजे आणेवारी, आज पैसेवारी म्हणून महाराष्ट्रात जिवंत आहे. पन्नास पैशांच्या आत की वर, यावर गावाला दुष्काळी सवलती मिळणार की नाही हे दशकानुदशकं ठरत आलं. आधी नजर पैसेवारी निघते, मग सुधारित, मग अंतिम. नजरेने ठरवलेला ४८ हा अंक कागदावर वजनकाट्याने मोजलेल्या ४८ सारखाच दिसतो. शेजारच्या गावाला ५१ पडले की त्या दोन गावांच्या नशिबात फरक पडतो. आकडा तो आकडा म्हणणाऱ्यांनी त्या ५१ वाल्या गावच्या शेतकऱ्याला आपलं मत समजावून सांगावं.

नजर नको, पीक कापून तोलायचं, हे ठरवून तसं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांत एक नाव सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचं आहे: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसनमधून लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला हा माणूस १९४० च्या दशकात दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत बसून शेताच्या काठाचा विचार करत होता. यादृच्छिक पद्धतीने गाव निवडायचं, गावातून शेत, शेतातून एक तुकडा, आणि तेवढंच पीक कापून, मळून, वाळवून तोलायचं. हे पीक कापणी प्रयोग आजही आपल्या पीक विम्याच्या हिशेबाच्या मुळाशी आहेत. व्ही. जी. पानसे त्यांचे या कामातले साथीदार होते. त्याच काळात बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांची पथकं अगदी लहान वर्तुळाकार तुकडे कापत होती. लहान तुकडा स्वस्त आणि झटपट, म्हणून तितक्याच पैशात जास्त तुकडे. सुखात्म्यांनी मोठ्या आणि लहान तुकड्यांचे उतारे शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की लहान तुकडे उत्पादन फुगवतात. १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी ते छापलं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. यात लबाडी नसते, हा हाताचा स्वभाव. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस मीटरमागे दोन मीटर काठ येतो; दहा मीटर बाय पाच मीटरच्या तुकड्यात साठ सेंटिमीटर. काठ जितका जास्त तितकी ही चूक मोठी. महालनोबिसांना हा आक्षेप मान्य नव्हता. कायमस्वरूपी, शिकवून तयार केलेले लोक असले तर चूक आटोक्यात ठेवता येते असं त्यांचं म्हणणं होतं. वाद वर्षानुवर्षं चालला. पण एक गोष्ट दोघांनाही निर्विवादपणे मान्य होती, आणि आजच्या डेटाभक्तांनी ती कधी ऐकलेलीच नाही. एकाच दिशेने होणारी चूक संख्या वाढवून जात नाही. लहान तुकडे शंभर कापा नाहीतर एक लाख कापा, फुगवटा तेवढाच राहतो. फक्त त्या चुकीच्या आकड्यावरचा तुमचा विश्वास वाढतो. डेटा जास्त म्हणजे सत्य जवळ, हे म्हणणं इथेच कोसळतं.

तोलता येणाऱ्या गव्हाची ही कथा. मग माणसाला तोंडी विचारून मिळणाऱ्या उत्तराचं काय?

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेत बसून १९७१ साली दारिद्र्याचा ताळेबंद मांडला. माणशी रोज २,२५० उष्मांक हा निकष आणि राष्ट्रीय नमुना पाहणीचे १९६०–६१ चे खर्चाचे आकडे यांवरून त्यांचा हिशेब आला: ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक पुरेसं अन्न मिळण्याइतकाही खर्च करू शकत नाहीत. उष्मांकांचा एकच निकष सगळ्यांना लावता येतो का, यावर पुढे सुखात्मे आणि दांडेकर यांच्यात तीव्र मतभेद झाले. त्या वादातही मूळ प्रश्न हाच होता की आपण नेमकं काय मोजतो आहोत.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. नमुना पाहणीत विचारत असत: गेल्या तीस दिवसांत तांदूळ, डाळ, तेल, भाजी यांवर किती खर्च झाला? महिन्याभरातली भाजी कोणाच्या लक्षात राहते? म्हणून १९९० च्या दशकात काही घरांत तीस दिवसांऐवजी सात दिवसांबद्दल विचारून पाहिलं. देश तोच, वर्ष तेच, घरं त्याच पद्धतीने निवडलेली. सात दिवसांच्या प्रश्नाने खर्च इतका वाढला की गरिबांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं असतं. मग १९९९–२००० च्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच कागदावर शेजारी शेजारी छापले गेले. माणूस सात दिवसांचं उत्तर मनात धरून तीस दिवसांचं उत्तर जुळवून देणार, हे उघड होतं. त्या फेरीतून दारिद्र्य २६ टक्के निघालं. सहा वर्षांपूर्वी ते ३६ टक्के होतं. उदारीकरणाने गरिबी हटवली असं सांगणारे आणि तसं काही झालं नाही असं सांगणारे त्या एका कागदावरून पुढे कित्येक वर्षं भांडले. कोट्यवधी माणसं गरीब आहेत की नाहीत, याचं उत्तर प्रश्नावलीतल्या रकान्यांच्या मांडणीवर लटकलं होतं. यावर कसलंही सॉफ्टवेअर नंतर चालवून उपयोग नव्हता, कारण दारात न विचारलेला प्रश्न संगणक मागाहून विचारू शकत नाही.

याहून साधा प्रश्न घेऊ: तुम्ही काम करता का? आपल्या कोणत्याही गावात हा प्रश्न घेऊन जा. घरातला पुरुष दारात येतो आणि बायकोबद्दल सांगतो, 'ती घरीच असते.' ती पहाटे धार काढते, दिवसभर खुरपते, सुगीत कणसं खुडते, संध्याकाळी शेळ्यांना चारा आणते. जनगणनेच्या कागदावर ती काही करत नाही असं लिहिलं जातं. म्हणून १९९१ च्या जनगणनेत प्रश्नातच शब्द वाढवावे लागले: शेतात किंवा घरच्या धंद्यात विनामोबदला केलेलं कामही धरावं. २००१ साली दुभत्या जनावरांचं कामही, दूध घरीच वापरलं जात असलं तरी, कामात धरलं गेलं. कोणाच्या मोबाइलमध्ये ती धार नोंदली जाणार होती? ती नोंदली जावी म्हणून दारात कोणीतरी उभं राहून, नवऱ्याला बाजूला ठेवून, तिलाच नीट विचारणं हाच एक मार्ग होता आणि आहे.

वयाचंही तेच. जनगणनेत वयाचे आकडे मांडले की तीस, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस या वयांवर माणसांची गर्दी दिसते आणि मधल्या वयांवर ओसाडी. देशात पाचाच्या पाढ्यात जन्म होत नाहीत; लोक वय तसं सांगतात. चांगला प्रगणक इथे थांबतो. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही शाळेत होता का, बाहत्तरच्या दुष्काळात लग्न झालेलं होतं का, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी थोरला केवढा होता, असं विचारत तो वर्षापर्यंत पोचतो. हे कौशल्य आहे. त्याला किरकोळ समजणाऱ्याने कधी कोणाच्या ओसरीवर बसून माहिती घेतलेली नसते.

उरला नमुन्यावरचा आक्षेप. आमच्याकडे कोणी आलं नाही, तेव्हा पाहणी खोटी. शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरोघरी रोज होते. भांडं लहान की लग्नघरचं मोठं, यावरून शितं किती चेपायची हे ठरत नाही. भात वरखाली केलेला हवा, एवढीच अट. संख्याशास्त्रात वरखाली करणं म्हणजे यादृच्छिक निवड, जिथे कोण निवडलं जाईल हे निवडणाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. नीट यादृच्छिक निवडलेल्या २,५०० माणसांकडून एखाद्या मताचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांच्या फरकाने कळतं, मग लोकसंख्या कोल्हापूरची असो की साऱ्या देशाची. २०२२–२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत २,६१,७४६ घरं होती. तुमच्या घराची बेल वाजली नाही, हा त्या आकड्यावरचा आक्षेप होऊच शकत नाही.

आणि निवड न करता नुसतीच गर्दी जमवली तर काय होतं? १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते घेतले टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदींतून. सुमारे चोवीस लाख उत्तरं आली. त्यांवरून रूझवेल्ट यांच्याविरुद्धचे उमेदवार लँडन ५७ टक्के मतं घेऊन निवडून येणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ६१ टक्के मतं घेऊन ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. सुमारे पन्नास हजार लोकांना विचारून जॉर्ज गॅलप यांनी रूझवेल्टच जिंकतील असं सांगितलं होतं. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती? आणि उत्तर पाठवण्याची हौस कोणाला होती? साप्ताहिक १९३८ मध्ये बंद पडलं.

त्या डिरेक्टरीच्या जागी आज मोबाइल आला आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी जेमतेम ५४ टक्क्यांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. उरलेल्या जणींचं जगणं ज्या साठ्यात नाही, त्याला देशाचा डेटा कसं म्हणायचं? ऊसतोडीला गेलेलं बीडचं कुटुंब फेब्रुवारीत कारखान्याच्या आसपास कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असतं. त्याची पोरं कोणत्या ॲपमध्ये शाळेत जातात? त्याचं दुखणं कोणत्या रुग्णालयाच्या नोंदीत आहे? आपोआप जमणारी माहिती ही दुय्यम सामग्री असते. ती दुसऱ्याच कोणाच्या धंद्यासाठी जमलेली असते आणि जो त्या धंद्याचा गिऱ्हाईक नाही तो तिच्यात नसतो. ती वापरावी, जरूर वापरावी. पण गिऱ्हाईक नसलेल्यांबद्दल तिला विचारू नये.

वर न आलेला एक शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो: प्रगणक झाडाखाली बसून काहीही भरतात. महालनोबिसांनी यावरचा उपाय या देशात कधीच शोधून ठेवला आहे. एकाच भागात दोन स्वतंत्र पथकं दोन स्वतंत्र नमुने घेऊन पाठवायची आणि त्यांची उत्तरं ताडून पाहायची. ज्याने मनाने भरलं तो यात उघडा पडतो. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली ती ही शिस्त घेऊन. जगाने ती आपल्याकडून उचलली. आपण मात्र पाहणीवर पैसे कमी करायचे, कंत्राटी मुलांना दोन दिवस शिकवून पाठवायचं, शंभर-दीडशे प्रश्नांचा कागद हातात द्यायचा आणि मग आकडे वाईट निघाले की पद्धतीला शिव्या द्यायच्या.

१ मार्च २०२७ या संदर्भतारखेने पुढची जनगणना ठरली आहे. सोळा वर्षांचा खंड पडला आहे आणि यावेळी सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. मोबाइल ॲपवर नोंद होणार, लोक स्वतःही माहिती भरू शकणार, याची चर्चा चालू आहे. ॲपने अक्षर सुवाच्य होईल, बेरीज लवकर होईल. पण जातींची यादी प्रगणकाच्या हातात आधी पडणार आहे का, पोटजात आणि आडनाव सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न कोणता विचारायचा हे त्याला शिकवलं जाणार आहे का, ती यादी गावकऱ्यांना दाखवून तपासली जाणार आहे का, बाईच्या कामाबद्दल बाईलाच विचारायचं हे त्याला कोणी बजावणार आहे का, कोप्यांमध्ये आणि वीटभट्ट्यांवर कोण जाणार, मोजणीनंतरची फेरतपासणी स्वतंत्र लोक करणार आहेत का, हे प्रश्न आज विचारायचे आहेत. मोजणी झाल्यावर विचारून काही मिळणार नाही. २०११ चे महाराष्ट्रातले ४,२८,६७७ कप्पे अजून तसेच पडून आहेत. ज्यांना पहिलं प्रकरण कंटाळवाणं वाटतं त्यांनी या कामापासून दूर राहावं, आणि जे प्रगणक ते मनापासून शिकायला तयार आहेत त्यांना पुरता वेळ, पुरतं शिक्षण आणि पुरता मोबदला द्यावा.